त्यातले काका

"त्यांचे क्रेट राहू दे खाली. ते त्यातले आहेत," नंदूभाऊ टेंपोच्या ड्रायव्हरला हळूच म्हणाले. हळूच म्हणजे बोर्डीत म्हणतात तसं हळूच. मला कुंपणापलीकडे स्वच्छ ऐकू आलं.

आमच्या आळीतल्या सगळ्या वाड्यांचा चिकू नंदूभाऊ एकाच टेंपोतून मुंबईच्या बाजारात पाठवतात. आणि 'ते' म्हणजे आमच्या शेजारचे काका. ज्याने काकांना कधी ना कधी 'त्यातले' ठरवलं नाही, असा एकही पक्ष, पंथ किंवा कंपू या जगात नसेल.

दोष काकांच्या स्वभावाचा. वादात जो हरत असेल त्याच्या बाजूने बोलायचं, एवढा एकच धर्म ते पाळतात. तो जिंकायला लागला की काका पलीकडे. एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीने तलासरीला जात होते. पुढच्या सीटवर दोघंजण सरकारवरून भांडत होते. काका आधी एकाच्या मदतीला गेले, मग दुसऱ्याच्या, मग पुन्हा पहिल्याच्या. तलासरी येईपर्यंत त्या दोघांची काकांविरुद्ध युती झाली होती. उतरल्यावर दोघं मिळून चहाला गेले. "बघ, काम झालं," काका म्हणाले आणि धोतर झटकून चालू लागले. संध्याकाळी ते टीव्हीवरच्या चर्चेचा आवाज बंद करतात आणि ज्याला कोणी बोलू देत नाही त्याच्या वतीने स्वतः बोलतात. काकू आतून म्हणतात, "अहो, त्याला ऐकू जात नाही." "म्हणून तर," असं काकांचं उत्तर असतं.

माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. 'एकोणसत्तर' ऐकलं की अजूनही मला क्षणभर थांबावं लागतं. काका म्हणतात, "तुला दोन भाषा येतात आणि तू दोन्हींत गप्प बसतेस."

गप्प बसते, कारण बोलल्यावर काय होतं ते मी बघते. आमच्या घरच्या ग्रुपवर मी वाक्य लिहिते आणि पाठवायच्या आधी पुसते. मावशीच्या दोन मुलांनी एकमेकांच्या घरी जेवणं सोडलंय, आणि कारण विचारलं तर दोघंही टीव्हीवर ऐकलेलं वाक्य ऐकवतात. कोण काय खातो, कुणाशी लग्न करतो, कुठल्या पोस्टला लाइकचा अंगठा देतो, सगळ्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे, आणि ते कुणीतरी म्हणजे दिल्लीतलं कोणी लांबचं नाही. लहानपणी ज्यांच्या वाडीत पडलेले चिकू वेचले तीच माणसं. आता 'तुझं मत काय?' असं कुणी विचारत नाही. 'तू त्यातली का?' एवढंच विचारतात. मला याची चीड येते, पण ती मी नीट घडी घालून आत ठेवते.

काका घड्या घालतात त्या झेंड्यांच्या. मागच्या महिन्यात काही पोरांनी न विचारता त्यांच्या गेटवर झेंडा बांधला. काकांनी तो सोडला, धुतला, इस्त्री केला आणि वर चार चिकू ठेवून परत नेऊन दिला. "गेट माझं आहे. विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं. पण विचारलं तर असतंत."

ही बातमी पसरल्यावर दुसऱ्या बाजूची पोरं आनंदाने आपला झेंडा बांधून गेली. काकांनी तोही धुतला. त्याचा रंग जरा गेला, तेवढ्यावरूनही बोलणं झालं. मग कुणीतरी पहिला झेंडा सोडतानाचा व्हिडिओ फिरवला. धुणं, इस्त्री आणि चिकू त्यात नव्हते.

म्हणून आज टेंपो भरला, आणि काकांचे क्रेट मात्र रस्त्याच्या कडेला राहिले. मी गेटपाशी गेले. काका क्रेटपाशीच उभे होते.

"काका, समजून घ्या," नंदूभाऊ म्हणत होते. "पोरं टेंपो अडवतील. तुम्ही फोनवर दोन शब्द माफीचे बोला, मी सगळीकडे पाठवतो. विषय संपला."

"मागतो की. कशाची मागू ते सांग."

"ते... भावना दुखावल्याची."

"कुणाच्या? तुझ्या दुखावल्या?"

"माझ्या कशाला दुखावतील? तुम्ही पण ना, काका."

यावर काका काहीतरी तिरकस बोलतील म्हणून मी थांबले. पण ते एका क्रेटवर बसले, एक चिकू उचलला, अंगठ्याने उगाचच दाबून पाहिला आणि परत ठेवला. तोडलेला चिकू कुणासाठी थांबत नाही. दोन-तीन दिवसांत तो खायचा होतो आणि मग फेकायचा. काकांच्या वर्षभराच्या मेहनतीतला चांगला माल तिथे ठेवलेला होता. जन्मभर हरणाऱ्याची बाजू घेतलेला माणूस आज स्वतः हरत होता आणि त्याच्या बाजूने बोलायला दुसरे काका नव्हते.

मी रस्त्यावर आले आणि एक क्रेट उचलला. तो मला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. नंदूभाऊंनी घाईने मला थांबवलं.

"तू यात पडू नकोस, बेटा. लोक म्हणतील, ही पण त्यातलीच."

मी क्रेट खाली ठेवला नाही. शब्द आले ते मराठीतच.

"हो, नंदूभाऊ, मी त्यातलीच. दुसऱ्या बाजूने धरा, चढवू या."