इसारात ठरलेली बंगई

लालीबाईनं उभी जिनगानी झरीकडच्या आश्रमशाळेत पोरायच्या भाकरी थापल्या. नवरा लवकर गेला, लेकरू नाही. काम सुटल्यावर तिनं पुसदले घर घ्याचं ठरवलं. लोकं म्हनत, एकट्या बाईले घर कायले पाह्यजे? पन भाड्याच्या खोलीत शेजार टिकत नाही, हे तिनं पाह्यलं होतं.

घर इकून यवतमाळले लेकापाशी जानाऱ्या लीलाबाईचं घर पाहाले गेली, तं घर तिनं धड पाह्यलंच नाही. दोन खोल्या, मांगं मोरी, वर टिनं. नजर गेली ते छपरीत टांगलेल्या झोक्यावर, बंगईवर. सागाचा पाट, लोखंडी कड्या. पाटावर तीन बाया खेटून बसलेल्या, दोघी पायरीवर, तुरीच्या शेंगा सोलत. लीलाबाई मधात. एकीचं बोलनं सरलं का दुसरीचं सुरू. लालीबाईनं मनाशी धरलं, बंगई हाय तं बाया येतीन, बाया आल्या तं आपलं म्हातारपन निघून जाईन.

इसाराच्या दिवशी चहा झाला. मधात टेम्पोवाला शब्बीर होता, दोन्हीकडच्या ओळखीचा. त्याच्यासमोर तिनं इचारलं, बंगई राहीन ना? लीलाबाईचा लेक कपिल म्हने, राहीन, कूलरही राहीन, आम्ही कायले नेतो. खरेदीच्या दिवशी लिहिनाऱ्यानं इचारलं, घरासंगं आनखी काही देनार असन तं टाकतो कागदात. लालीबाईले लाज वाटली. चार मानसात पाटाचं काय लिहाचं, मानसाची जबान हाय. तिथंच चुकली. घर घेताना लाज कामाची नाही, पोरी, सारं लिहून घेत जाय.

चावी घेऊन आली तं कूलर जाग्यावर होता. देवळीत लीलाबाईनं पान्याचा गडवा अन् मूठभर गहू ठेवले होते, घर रितं देऊ नाही म्हनून. छपरीत मात्र वरचे आकडे तेवढे.

कपिलले फोन लावला. तो म्हने, आई रडाले लागली, मंग काय करतो, तुम्ही दुसरी घ्या. दुसरी दुकानात भेटीन, पन तिच्यावरच्या बाया कुठं भेटतीन? लालीबाई हटली नाही. शब्बीर सोयाबीनची पोती घेऊन यवतमाळले जानारच होता. म्हने, "चला बाई. जबान माह्यासमोर झाली, मी गवाह हाय."

रस्ताभर तिनं भांडनाचे बोल जुळवले. कपिलच्या तिसऱ्या माळ्यावरच्या घरी गेली तं लेक-सून कामावर गेलते. लीलाबाई फरशीवर मांडलेल्या त्याच पाटावर एकलीच बसली होती. छताले आकडाच नव्हता. लालीबाईले पाहून ते जराशी सरकली अन् म्हने, बस.

बसली. गल्लीतल्या कोनाची सून बाळंत झाली, कोनाच्या म्हशीनं दूध चोरलं, बोलता बोलता दुपार गेली. खालून शब्बीरनं दोनदा हॉर्न मारला. लालीबाई बंगईचं नावच न घेता उठली, तं लीलाबाईनं पाटाकडं बोट केलं.

"राहू द्या माय, तुमची हाय ते."

"ने वो बाई," लीलाबाई म्हने. "बोलनं झालतं ना? लेकानं शब्द मोडला, मी बी काही बोलली नाही. अन् हालत नाही ते कायची बंगई? पाट पाह्यला का गल्ली आठोते मले."

बंगई लागली त्या संध्याकाळी साऱ्या बाया आल्या. पाटावर हात फिरवला, लीलाबाई जेवते का, सून कशी हाय, सारं इचारलं. लालीबाईनं चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मंग कोनीच नाही. एकीले तिनं हाकही मारली, तं ते उभ्याउभ्याच म्हने, "लीलाबाई असती तं मी बसली असती. आता घरी लय काम हाय वो." वाईट मनानं नाही म्हनली ते. खरं तेच बोलली.

एक दिवस दिवेलागनीले लीलाबाईचा फोन आला.

"बसली काय बंगईवर?"

"बसली."

"कोन कोन हाय?"

लालीबाईच्या तोंडाशी आलतं, का साऱ्या हायत. पन म्हातारीशी लबाडी करवली नाही.

"कोनी नाही, माय. मीच हाय."

मंग लीलाबाई म्हने, "फोन नको ठेवू. हालव थोडी."

लालीबाईनं फोन बाजूले पाटावर ठेवला अन् पायानं झोका देल्ला. कड्या करकरल्या. लीलाबाई तिकून करकर आयकत राह्यली. अंधार पडला, तरी फोन कोनी ठेवला नाही.