भाट्याच्या खाडीत अडलेली तर

देव आहे की नाही, या प्रश्नावर मी कधी डोकं शिणवलं नव्हतं. असलाच तर त्यानं पासपोर्टाच्या कामात काही करून दाखवावं, एवढंच माझं म्हणणं होतं. हे मी गमतीनं लिहीत नाही. त्या दिवसांत मी रत्नागिरीत घरोघर पत्रकं वाटत फिरत असे. आफ्रिकेत नोकरीवर जाणाऱ्यानं कोणता कागद मागावा, परदेशी शिकायला जाणाऱ्यानं कोणता, बायकामुलांना कुणाची हमी लागते, हे सगळं त्यात खणखणीत भाषेत छापलेलं असे. आणि शेवटी सवाल: गोरा साहेब आमच्या देशात आला तेव्हा त्याच्याकडे कुणी चिठ्ठी मागितली होती? लोक पहिला भाग जपून ठेवीत आणि सवालावर हसत.

एवढं ज्ञान घरात असताना आमच्याच वहिनीचे कागद अडले. दादा आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेत होता. चिमी पोटात असताना तो गेला. लेकीचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. आता त्याला राहायला खोल्या मिळाल्या होत्या, पण पावसाळ्याआधी कुटुंब आलं तरच त्या त्याच्याकडे राहणार. नाहीतर त्या दुसऱ्याला, दादा पुन्हा चारचौघांच्या बिऱ्हाडात, आणि वहिनी-चिमी पुढच्या रजेपर्यंत इथेच. ती रजा कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पाऊस लागला की आगबोटी बंद. म्हणजे जे व्हायचं ते आताच.

गावात एक फोटोग्राफर मुक्कामाला आले होते, मडगावकडचे ख्रिस्ती गृहस्थ. चिमीला मांडीवर घेऊन वहिनीनं फोटो काढवला. फोटो हातात आले आणि तिचं लक्ष आधी कपाळाकडे गेलं. लाल कुंकू फोटोत काळं उमटलं होतं. सवाष्णीच्या कपाळावर काळा ठिपका, आणि तो कागद जाणार नवऱ्याच्या गावी! तिचं माहेर हेदवीचं. तिथल्या दशभुज गणपतीची तसबीर घेऊनच ती आमच्या घरात आली होती. तिनं कुणाला न विचारता सगळे फोटो त्या तसबिरीपुढे मांडले आणि प्रत्येक कपाळावर ओलं लाल कुंकू नीट बोटानं लावलं. मला पत्ताच नाही. मी पाकीट उचललं आणि कचेरी गाठली.

अंमलदारांनी फोटो उजेडात धरले. "ही खाडाखोड कुणी केली?"

"खाडाखोड कसली? कुंकू आहे ते."

"इथे चालत नाही. स्वच्छ फोटो आणा. उद्या सकाळी मी दौऱ्यावर निघतो."

पावसाआधी ते परतणार नव्हते, आणि त्यांच्या शिफारशीवाचून कागद मुंबईला जाणार नव्हते. बायकोनं नवऱ्याकडे जायचं, तर त्याला तिसऱ्याची शिफारस! मी तिथल्या तिथे माझं पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. पट्टेवाल्यानं मला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत पोचवलं.

घरी येऊन तेच भाषण वहिनीला ऐकवलं. ती रडली नाही. म्हणाली, "चुकलं माझं. पण गणपती बघील, भावजी."

"दहा हात आहेत ना त्याला? मग एका हातानं फोटो काढील का?"

"हात त्याचे असू देत, पाय तुमचे आहेत. ते हलवा आधी. माझ्यावर ओरडून काय होणार?"

फोटोग्राफर कॅमेऱ्याची पेटी घेऊन पावस गावाच्या वाटेला लागले होते, म्हणजे भाट्याची खाडी तरीनं, माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीनं, ओलांडणार. मी धावत सुटलो. काठावर पोचलो, पण तर केव्हाच सुटलेली. मग दिसलं की ती खाडीच्या मध्यावर जशीच्या तशी उभी आहे. ओहोटीत वाळूला लागली होती. माणसं आत बसून पानं खात होती. मी धोतर खोचलं आणि छातीभर पाण्यातून तिथवर गेलो.

"वहिनीबाईंच्या फोटोची काच आहे पेटीत," फोटोग्राफर म्हणाले. "काठावर न्या मला, उन्हात छापून देतो. पण पेटी कुणाच्या डोक्यावर देणार नाही हां, बाब. पाय घसरला तर माझा धंदा बुडाला."

म्हणजे होडीच हलायला हवी. मी खांदा लावला. रेटलं, ओरडलो, लोकांना उतरायला लावलं, पुन्हा रेटलं. म्हातारा तरवाला खो खो हसायला लागला. "अहो, ही वाळू आहे, कचेरी नव्हे. आरडून हलायची नाय. बसा जरा. भरती येईल तेव्हा आपणहून उठेल."

बसलो. दुसरं करण्यासारखं उरलंच नव्हतं. सूर्य कलायला लागला होता, काम उन्हाचंच होतं, आणि मी ओल्या कपड्यांनी नुसता बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालो, "गणराया, माझं करून झालं. आता तू बघ." याहून मोठी प्रार्थना मला येत नव्हती. ते म्हणताच छातीतलं काहीतरी सैल झालं. कागद होवोत न होवोत, वहिनी एकटी नाही, असं वाटलं. का वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. थोड्या वेळानं पायाखालच्या फळ्या अलगद हलल्या. कुणी हात न लावता तर उचलली गेली.

"माझ्या बापाच्या हयातीतसुद्धा या जागी कधी रुतली नव्हती," तरवाला वल्ह्यावरून पुटपुटला. "तुमच्या वहिनीच्या गणपतीनंच धरून ठेवलीन म्हणायची." सगळे हसले. मीही हसलो, पण वाद घातला नाही. माझ्या ओळखीची माणसं सांगतील, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आमच्या बाजूच्या काठावर उरल्यासुरल्या उन्हात फोटो उतरले. वहिनीनं या खेपेला कुंकवाला हात लावला नाही. "असू दे काळं," ती म्हणाली. "तिकडे मी स्वतःच उभी राहीन ना त्यांच्यासमोर." मी कचेरी गाठली तेव्हा अंमलदार घरी जायला उठतच होते. त्यांनी ओले फोटो पाहिले, माझा ओला अवतार पाहिला आणि शिफारशीवर सही केली.

मुंबईहून पासपोर्ट आला आणि शेवटच्या बोटीआधीच्या बोटीनं दोघी गेल्या. दादाचं पत्र आलं. धक्क्यावर चिमीनं त्याला आधी नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच का आमचे बाबा? मग उचला की मला!" ते वाचून मी तसबिरीच्या रिकाम्या खिळ्यापुढे हात जोडले; तसबीर वहिनीबरोबर गेली होती.

पत्रकं मी अजून काढतो, सवालही तोच विचारतो, आणि खांदा लावायचा तिथे लावतोच. पण सगळं रेटून झालं की आता बसतो. भरती आणणं माझ्याकडे नाही, हे कळलं, आणि ते ज्याच्याकडे आहे तो आपल्याला विसरत नाही, हेही कळलं. त्याचे उपकार मानायला मला एवढंच लिहिता येतं.