गच्चीवरची मोसंबी

आईचा विश्वास कशावरच पटकन बसत नसे. गॅसचं सिलिंडर आलं की ती ते हलवून बघायची, दूध आणलं की वास घ्यायची. मी बी.कॉम.ला असताना आम्ही वरची खोली भाड्याने दिली. भाडेकरू नरखेडकडची, एकटी, शाळेत विज्ञान शिकवणारी. गावाहून येताना तिने आमच्यासाठी मोसंब्यांची पिशवी आणली, तर आईने ती चार दिवस उघडलीसुद्धा नाही.

मग एका संध्याकाळी कपडे काढायला गेलेली आई घाईघाईने खाली आली. "ते मास्तरीण वर मोसंबी फिरवून राहिली. लाल दोऱ्याला बांधून, डोक्याभोवती. अन् स्वतःशीच बोलून राहिली!"

त्याच आठवड्यात बाबांची कंबर धरली होती. आईने दोन्ही गोष्टी जोडल्या. मी हसले, पण दुसऱ्या दिवशी गच्चीच्या कोपऱ्यात फुटलेली मोसंबी दिसली तेव्हा मलाही कसंतरी झालं. एकटी बाई, लाल दोरा, बंद दार. त्यानंतर तिची पावलं जिन्यावर वाजली की मी कान देऊ लागले.

शेवटी आई म्हणाली, "चाल वं, आजच खोली खाली कर म्हणून सांगते."

आम्ही वर गेलो तेव्हा ती खरंच मोसंबी गरगरा फिरवत होती. समोर कठड्यावर फोन उभा करून ठेवलेला. आम्हाला बघून ती थांबली.

"हे काय चाललं?" आईने विचारलं.

"उद्या वर्गात दाखवायचं आहे, काकू. पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते. बोलायची तयारी करून राहिली होती."

"पृथ्वीले दोरा कुठं आहे?"

"दोरा नाही, ओढ आहे. सूर्य ओढतो म्हणून ती वळते."

"ओढतो, तर त्याच्यात जाऊन पडत काहून नाही?"

"पडतच असते. पण आडवी इतक्या जोरात चालली आहे, की पडता पडता पुढे निघून जाते. सूर्यापर्यंत पोचतच नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. ही आपल्याला बनवते आहे, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "तुझा हात थांबला की मोसंबी पडते. पृथ्वीले कोण फिरवून राहिलं?"

"कोणीच नाही. इथं हवा मोसंबीचा वेग कमी करते, म्हणून हात लागतो. तिथं अडवायला हवाच नाही."

"दे इकडे," आई म्हणाली.

पदर खोचून तिने मोसंबी फिरवायला सुरुवात केली. "सोडली तर समोर जाईल, माझ्यापासून दूर," असं तिने ठणकावून सांगितलं. मोसंबी तिच्या अगदी समोर असताना तिने दोरा सोडला. ती समोर गेली नाही, आडवी सुटली आणि शेजाऱ्यांच्या कूलरवर धाडकन आदळली.

शेजारीण ओरडत बाहेर आली. "काय फेकता वं?"

"शाळेचं काम सुरू आहे!" आई वरूनच म्हणाली. खोली खाली करायचा विषय निघालाच नाही. तिने दुसरी मोसंबी मागून घेतली. ती फिरवताना दोरा बोटांत किती काचतो, हे तिने मला दोनदा सांगितलं.

रात्री भाकरी थापता थापता तिने विचारलं, "ते खरं सांगत होती ना?"

"हो. आम्हाला दहावीत होतं."

"पुस्तकात होतं, ते सांगू नको. तुले कसं माहीत, सूर्य ओढतो म्हणून?"

परीक्षेत मी याची व्याख्या लिहिली होती, सूत्रही लिहिलं होतं. ते खरं आहे का, असा संशय मला एकदाही आला नव्हता. आई तव्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. मी हात धुतले आणि भाडेकरणीला विचारायला जिना चढले.