पिवळी पेज

कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि माझ्या गळ्यात सतराशे पंच्याऐंशी साल पडलं. त्या एका सालात काय काय शोध लागले ते तक्त्यावर लिहायचं. मुलुंडच्या वाचनालयात बसून मी वैतागत उतरवून घेत होते. दोघांनी म्हणे बलूनमधून समुद्र ओलांडला, एकाने विजेच्या ओढीचं माप काढलं. काढलं असेल बाबा! माझा जीव घरी अडकलेला.

बाबांची गिरणी बंद पडली आणि मागोमाग त्यांचं काळीज थकलं. डॉक्टरांनी हृदयाची गोळी दिली. शनिवार-रविवार मात्र द्यायची नाही, असं बजावलं. हल्ली बाबांना सारखं मळमळायचं, अन्न जात नव्हतं. त्या सकाळी तर पेजेची वाटी लोटून आईला म्हणाले, "हळद कित्याक घातलंस?"

पेज पांढरीशुभ्र होती. आई म्हणाली, कावीळच. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. ती उसाचा रस आणायला निघाली. मलाही पटलं.

आणि आता पुस्तकाचं पान उलटलं, तर त्याच साली एका इंग्रज डॉक्टरने एका विषारी झाडाच्या पानांचं औषध जगापुढे मांडलेलं. पुढे त्यापासून निघालेल्या गोळीचं नाव होतं. आमच्या फडताळातली गोळी! ती जास्त झाली तर ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात. माणूस दगावतोसुद्धा.

वही तिथेच टाकून पळत सुटले. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी नाडी धरली. एक ठोका लागला. मग काहीच नाही. देवा रे, काहीच नाही. मग दुसरा.

"आई, गोळी शनिवार-रविवारी पण देतेस?"

"देतंय तर! काळजाक काय रविवार आसता?"

रिक्षात घालून बाबांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, पण अंगात भिनलेली हळूहळूच उतरेल म्हणाले. आई खाटेशी बसून आपल्याच हातांकडे बघत राहायची. "ह्याच हातान दिलंय गो," एवढंच पुटपुटायची. मी बाबांचं मनगट सोडत नव्हते. रोज सकाळी ती घरून पेज आणायची, रोज बाबा पिवळीच दिसते म्हणून तोंड फिरवायचे.

मग एका सकाळी त्यांनी वाटीत बराच वेळ बघितलं.

"आज पांढरी दिसता गो."

आईने सगळ्या वॉर्डासमोर भोकाड पसरलं.