तहान घरी ठेवणारी गंगव्वा

"बाईमाणसानं तहान घरी ठेवून बाहेर पडावं," असं गंगव्वा येताजाता म्हणायची. निपाणीकडची ही बाई बत्तीस वर्षांपूर्वी राजाजीनगरात आली आणि तिनं मिरचीचं कांडप घातलं. मिरचीच्या खाटानं गिऱ्हाईक शिंकलं की हसायचं. गंगव्वा शिंकली की मांड्या आवळून उभी राहायची, कारण शिंकेसरशी लघवी सुटायची. म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब नाही.

सून भार्गवीला हे कळलं, ते सासूनं कांडप विकायला काढलं तेव्हा. सासूचा जीव त्या यंत्रात होता. ते गेलं की ही बाई खोलीत बसून वाळणार, हे सुनेला दिसत होतं. तिनं आधी तीन महिने तिच्याकडून ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम करून घेतले. थोडा गुण आला, पण शिंकेपुढं टिकला नाही. मग तिनं तिला डॉक्टर कावेरींकडे नेलं.

डॉक्टरांनी खोकायला सांगितलं. गंगव्वा खोकली. कोरडं. पुन्हा खोकली. कोरडंच. लघवी सुटताना दिसल्याशिवाय शस्त्रक्रिया कशी ठरवू, असं डॉक्टर म्हणाल्या. खोदून विचारल्यावर कळलं, की पाहुण्यांकडं जाताना आवरावं तशी ही पहाटेपासून पाणी न पिता, तीनदा मोकळी होऊन आली होती.

"आत्याबाई, दुखणं दाखवायला आलाय का लपवायला?" भार्गवीनं सासूला विचारलं.

"डॉक्टरीणबाईपुढं सांडू व्हय? लाज हाय मला."

"मग लाज ठेवा आणि कांडप विका."

गंगव्वानं सुनेच्या हातातली बाटली ओढून घेतली. मग बाटलीभर पाणी प्यायली, तास-दीड तास बाकावर बसली, आत जाऊन खोकली. या वेळी लघवी सुटली, आणि डॉक्टरांनी होकाराची मान हलवली.

मूत्रमार्गाखाली बोटभर रुंद जाळीची पट्टी झोळीसारखी बसवायची, बारीक तीन छेद, अर्ध्या तासाचं काम. एखादीला पट्टी टोचते, एखादीची लघवी अडते, हेही डॉक्टरांनी सांगितलं. गंगव्वानं सगळं ऐकून कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी लघवी मोकळी झाली आणि ती घरी आली. सहा आठवडे ओझं उचलायचं नव्हतं. तेवढे दिवस भार्गवीनं कांडप चालवलं आणि सासूनं खुर्चीत बसून तिच्या मसाल्याला नावं ठेवली. कांडप विकत घ्यायला आलेल्या माणसाला गंगव्वानं चहा पाजून परत पाठवलं.

सातव्या आठवड्यात एका सकाळी गंगव्वानं पदर खोचला, सुनेच्या हातून कांडपाची किल्ली काढून घेतली आणि जिना उतरली. शिंक आली तरी मांड्या आवळायला न थांबता रस्त्यानं ती एकसारख्या पावलांनी चालत गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत भार्गवी गॅलरीतून बघत होती.