सफूराचं मिरचीचं पाणी

सौदीतल्या खोबरच्या त्या चार मजली इमारतीत सफूराएवढी धीट बाई दुसरी नव्हती. हर्णैची पोर ती. मसाल्याच्या दिवसांत सगळं घर शिंकत बाहेर पळायचं आणि ही चुलीपाशी बसून खुशाल मिरच्या भाजायची. लग्न होऊन आली ती गफूरच्या किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत. दुकान कफिलाच्या, म्हणजे अरबी मालकाच्या नावावर, आणि सफूरा गफूरच्या इकाम्यावर, त्याच्या राहण्याच्या परवान्यावर. गफूर मात्र भित्रा. निदान ती तरी त्याला येताजाता तसं म्हणायची.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. इराकशी लढाई पेटली, रस्ते अंधारले, आणि वरच्या मजल्यावरच्या अर्चना सिस्टरच्या मागे ड्यूटीला जाताना एक माणूस लागला. दोनदा. सफूराचं डोकंच सणकलं. तिने मिरचीचं जहाल पाणी गाळून अत्तराच्या फवाऱ्याच्या बाटलीत भरलं आणि अर्चनाच्या हातात ठेवलं. आठवड्याभरात आणखी सहा जणींनी मागितलं. मग दुकानात साबणाच्या खोक्यामागे बाटल्या विकायलाच ठेवल्या.

"कुनाला तरी विचारू या का? जवळ ठेवायला, विकायला परवाना लागत असंल," गफूर म्हणाला.

"मिरचीला कसला परवाना, सुहानाचे अब्बा? मग फोडणीलाही काढा!"

तिच्यापुढे गफूरचं कधी चाललं होतं?

एका संध्याकाळी मगरिबच्या सुमाराला हल्ल्याचा भोंगा झाला. विषारी वायूच्या धास्तीने सफूराने खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. इमारतीतली बायकापोरं तिच्याच खोलीत दाटीने बसली, दाराखाली ओले टॉवेल. त्या दाटीत कुणीतरी अर्चनाच्या पर्सवर बसलं आणि फवारा दाबला गेला. सहा वर्षांची सुहाना गळा धरून खोकायला लागली. मग सगळेच. "गॅस! गॅस आला!" मिरचीत वाढलेल्या सफूरालाही ते ओळखू आलं नाही. लेकीला छातीशी घट्ट धरून तिने कलमा म्हटला. शेजाऱ्यांनी फोन केला, मुखवटे घातलेली माणसं आली, सगळ्यांना बाहेर काढलं. पर्समधली बाटलीही त्यांनाच सापडली.

कुणी दगावलं नाही. तासाभरात सुहाना बिस्कीट मागायला लागली. पण पोलीस अधिकारी बाटलीचा माग काढत दुकानात आला, साबणाचं खोकं सरकवलं आणि म्हणाला, "मम्नूअ!" मनाई आहे, गफूरने तिला सांगितलं. बाळगणं गुन्हा, विकणं त्याहून मोठा. आधी कैद, मग देशाबाहेर. कोणी विकलं हे?

सफूरा पुढे झाली. "मीच केलं, मीच विकलं. सांगा त्याला, सुहानाचे अब्बा."

गफूरने तिच्याकडे पाहिलं आणि अरबीत बोलायला लागला. त्यात 'अना' आलं. पुन्हा 'अना'. अना म्हणजे मी, एवढं अरबी तिलाही कळत होतं.

"नाय! अना! अना!" ती छाती बडवत ओरडली. अधिकारी परक्या बाईकडे बघेना. त्याने गफूरचा इकामा घेतला, नाव लिहिलं आणि म्हणाला, "खलास."

गफूर निमूट जीपमध्ये चढला. अंगात नुसता सदरा, बाहेर कडाक्याची थंडी. सफूरा त्याचा स्वेटर घेऊन धावत आली, तोवर जीप कोपऱ्यावरून वळली होती.