एक मिरची उरली

चोवीस वर्षं खदानीत दगडाला भोकं पाडल्यावर शेठनं मला एक दिवस सांगितलं, की तुला भोकं पाडता येतात याचा कागदच नाही. सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे नसेल, त्यानं एक तारखेपासून खाली उतरायचं नाही, गेटवर बसून कुत्रे हाकायचे. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू राजेहो. वलगावकडच्या आमच्या त्या गिट्टी खदानीतले सगळे कुत्रे माझ्या हातची भाकर खाऊन मोठे झालेले. त्यांना हाकलायचं तरी कोणत्या तोंडानं?

टिनाच्या शेडमध्ये तीन दिवस वर्ग भरला. शिकवायला नागपूरचे एक जाडजूड सर आले होते, भले माणूस. प्रथमोपचाराच्या दिवशी आमच्या सुरुंगवाल्यानं माझ्या डोक्याला पट्टी बांधली, ती कपाळावरून निघाली आणि काखेतून फिरून परत नाकावर आली. सर म्हणाले, रोगी गुदमरेल. सुरुंगवाला म्हणाला, "पण रक्त तं थांबलं ना सर."

चौथ्या दिवशी परीक्षा घ्यायला मॅडम आल्या. हसणं त्यांच्या गावीही नव्हतं. आधी तोंडी झाली.

"हेल्मेट कशासाठी असतं?"

मी खरं ते सांगितलं, "साहेब लोकं आले का घालासाठी."

"खदानीत सर्वांत धोकादायक काय?"

"शेठ."

शेडमधले सगळे हसले. मॅडमनी कागदावर काहीतरी आडवं खरडलं. आता गेटच नशिबात, हे मी ओळखलं.  ड्रिल मशीनचा तो थरथराट बंद झाला तर माझे हात करतील काय, हेच मला सुचेना. उरलं होतं फक्त प्रात्यक्षिक.

"भोंगा वाजेल," मॅडम म्हणाल्या. "सुरुंग खोटा आहे, पण खरा समजून वागायचं. सगळं ठीक असेल तर उडवायची परवानगी तुम्ही द्यायची." बोट माझ्याकडे होतं.

आता आमच्या इथली रीत सांगतो. आमचा सुरुंग उडतो तो जेवायच्या सुट्टीत. त्यामुळे भोंगा वाजला की डबा उचलायचा, टेकाडामागच्या आडोशाला जायचं आणि पंगत धरायची. बायको मला सकाळी मिरच्या तळून देते, मीठ लावलेल्या, माणशी एक. मिरच्या तिच्या माहेरच्या, तेल्हाऱ्याच्या, त्यामुळे खाणारा बोलायचा थांबतो. आम्ही बारा जण, आणि वर्ग सुरू झाल्यापासून सर तेरावे. सरांच्या डोळ्यांतून रोज पाणी यायचं, पण नाही म्हणायची त्यांना लाज वाटायची.

सकाळचे दहा वाजले होते. भोंगा वाजला. आणि आम्ही बाराही जणांनी, अक्कल गहाण ठेवल्यासारखे, डबे उचलले, आडोशाला धावलो, बसलो आणि भाकरी मोडल्या.

मागून मॅडम आल्या. "हे काय चाललंय?"

"जेवून घ्या ना मॅडम," सुरुंगवाला भरल्या तोंडानं म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घाबरला माणूस हाताला येईल ते करत राहतो, तसा मी मिरच्या वाटत सुटलो. वाटून झाल्या आणि डब्यात पाहिलं तर एक उरली होती.

"परवानगी द्या," मॅडम म्हणाल्या. "उडवायचं ना?"

"नाई देत."

"का?"

"मिरची उरली एक. कोणीतरी खाली आहे." मी पंगतीवर नजर फिरवली. "सर दिसून नाई राहिले."

सगळे खाली खदानीत बघायला लागले. मॅडमनी हात वर केला, तसे कंप्रेसरच्या मागून सर निघाले, धुळीनं माखलेले. मॅडमनीच त्यांना तिथं लपवलं होतं. परीक्षा ती होती.

"हे मिरच्यांचं तुम्हाला कोणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

मी डब्याचं झाकण पुढं केलं. त्याला मधोमध मोठा पोचा आहे. मी नवा होतो तेव्हा एकदा अंगात ताप होता म्हणून त्याच कंप्रेसरच्या मागे आडवा झालो आणि झोप लागली. भोंगा ऐकूच आला नाही. सुरुंग उडाला, आणि उशाशी ठेवलेल्या डब्यावर दगड येऊन बसला. मी धडपडत वर आलो तर सगळे जेवून हात धुवत होते. मी नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दगड लागला नाही, पण ते लागलं. घरी जाऊन मी रडलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मिरच्या सुरू केल्या.

मॅडमनी झाकणाच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी कागदावर सही केली, पण कागद हातात दिला नाही.

"किती मिरच्या आणल्या होत्या?"

"तेरा."

"मी इथं सकाळपासून आहे. दुपारी खरा सुरुंग आहे, तेव्हाही असेन. मग मला कुठं मोजलं तुम्ही?"

 उरलेली मिरची सरांची होती. मी माझ्या भाकरीवरची उचलली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती देठापर्यंत खाल्ली, डोळे पुसले आणि प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं.

दुपारी माझ्या बायकोला फोन करून मी सांगितलं, उद्यापासून एक जास्त तळजो, कोण नवं येईन सांगता येत नाई.